राष्ट्राध्यक्षाचं चरित्र रंगतं कशामुळे? अमेरिकी चरित्रं वाचायला घेणाऱ्यांसाठी

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची चरित्रं वाचायची म्हटलं की नवा वाचक बहुधा नाव बघून पुस्तक उचलतो. वॉशिंग्टन, लिंकन, केनेडी. मग आठशे पानांचं ते पुस्तक शंभराव्या पानाच्या आसपास उशाशी पडून राहतं आणि ‘हा विषय काही आपला नव्हे’ असं वाटायला लागतं. विषय आपला असतो, पुस्तक चुकलेलं असतं. ही चरित्रं मी आवडीनं वाचतो, इतरांच्या हातात देतो आणि कुठलं पुस्तक कुणाला धरून ठेवतं हे बघत आलो आहे. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असं त्यातलं जे काही आहे, ते इथे लिहितो.

आधी मुद्द्याचं. गोष्टीचा शेवट आपल्याला ठाऊक असतो, पण ज्याची गोष्ट आहे त्याला तो ठाऊक नसतो. चांगला चरित्रकार आपल्याला त्या माणसाच्या शेजारी, त्या दिवशी त्याला जेवढं माहीत होतं तेवढ्याच माहितीनिशी उभं करतो. तिथून चरित्र रंगायला लागतं.

12 एप्रिल 1945 ची संध्याकाळ घ्या. उपाध्यक्ष हॅरी ट्रुमन दिवसाचं काम आटोपून प्रतिनिधीगृहाचे सभापती सॅम रेबर्न यांच्या खोलीत चार घटका गप्पा मारायला गेले होते. तिथे निरोप आला, ताबडतोब व्हाइट हाउसला फोन करा. ते तिकडे पोचले तेव्हा एलिनॉर रूझवेल्ट यांनी सांगितलं की त्यांचे पती, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, वारले. ट्रुमननी विचारलं, मी तुमच्यासाठी काही करू शकतो का? बाईंनी उलट विचारलं, आम्ही तुमच्यासाठी काही करू शकतो का ते सांगा, आता अडचणीत तुम्ही आहात. उपाध्यक्ष होऊन 82 दिवस झाले होते, आता अध्यक्षपद त्यांच्यावर आलं होतं, महायुद्ध चालू होतं आणि अणुबॉम्बबद्दल सविस्तर माहिती त्यांना मिळाली ती थेट 25 एप्रिलला. हिरोशिमा आपल्याला माहीत आहे, त्या संध्याकाळी ट्रुमनना ते माहीत नव्हतं. डेव्हिड मॅककलो यांचं ट्रुमनचरित्र (1992) हजार पानांच्या आसपास जाऊनही जड होत नाही, कारण लेखक शेवटाची घाई करत नाही.

आता पायऱ्यांकडे येऊ.

पायरी 1 : अध्यक्ष बाजूला ठेवा, आधी पुस्तक निवडा

मोठा अध्यक्ष म्हणजे मोठं चरित्र, हा समज सगळ्यात आधी सोडा. माझ्या मते सुरुवातीला हातात घ्यावं असं पुस्तक जेम्स गारफिल्ड यांच्यावरचं आहे, आणि गारफिल्ड हे नाव आपल्याकडे मांजराच्या व्यंगचित्रामुळेच जास्त माहीत आहे. ते अध्यक्षपदावर राहिले जेमतेम साडेसहा महिने, त्यातले अडीच महिने अंथरुणाला खिळून. कँडिस मिलर्ड यांनी 2011 मध्ये या माणसाच्या शेवटच्या काळावर लिहिलं आणि ते पुस्तक एखाद्या रहस्यकथेसारखं वाचलं जातं.

गोष्ट काय आहे बघा. जून 1880, शिकागो, अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला भरलेलं रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन. गारफिल्ड तिथे दुसऱ्याच माणसाचं, जॉन शर्मन यांचं नाव सुचवायला आलेले. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात, कुणालाच बहुमत मिळत नाही आणि छत्तिसाव्या फेरीत उमेदवारी पडते ती गारफिल्ड यांच्याच गळ्यात. 2 जुलै 1881 ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात चार्ल्स गिटो नावाचा माणूस त्यांना गोळ्या घालतो. आपण पक्षासाठी काम केलं, तेव्हा आपल्याला परदेशात वकिलातीतली जागा मिळायलाच हवी, असं त्यानं मनाशी धरलेलं होतं.

अंगावर काटा येतो तो पुढच्या भागात. गोळी जीवघेण्या जागी लागलेली नव्हती. जंतुनाशकांचा वापर युरोपात रुळत होता. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर 1876 मध्ये फिलाडेल्फियाला येऊन त्याबद्दल बोलूनही गेले होते. तरी गारफिल्ड यांच्या जखमेत डॉक्टरांची न धुतलेली बोटं आणि सळया जात राहिल्या. गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन आले. पण उपचारांची सूत्रं हाती असलेले डॉक्टर ब्लिस यांची गोळी उजव्या बाजूला आहे अशी खात्री होती, म्हणून त्यांनी फक्त उजवीच बाजू तपासू दिली. त्यातून गादीतल्या धातूच्या स्प्रिंगा यंत्राला चकवत होत्या. गोळी डाव्या बाजूला निघाली, तीही शवविच्छेदनात. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

या एका माणसाच्या निमित्तानं तुम्ही वशिल्याच्या नोकऱ्या, एकोणिसाव्या शतकातलं वैद्यक, टेलिफोनचा जनक आणि पक्षांतर्गत भांडणं एवढं सगळं पाहून येता. नंतर अध्यक्ष झालेले चेस्टर आर्थर याच वशिल्याच्या राजकारणात वर आलेले होते, आणि 1883 मध्ये सरकारी नोकऱ्यांसाठी परीक्षा आणणाऱ्या कायद्यावर सही केली ती त्यांनीच. मुद्दा असा, की नाव लहान असलं तरी काळ, प्रसंग आणि लेखक चांगले जमले असतील तर ते पुस्तक आधी घ्या.

पायरी 2 : विकत घेण्याआधी चाळून बघा

पहिलं प्रकरण वाचून निर्णय घेऊ नका. पहिलं प्रकरण सगळेच घासूनपुसून लिहितात. त्याऐवजी मधलं एखादं प्रकरण उघडा, शक्यतो जिथे काही ठरवायची वेळ आलेली आहे असं. खोलीत कोण कोण होतं, कुणी विरोध केला, दुसरे कोणते मार्ग पुढे होते, हे दोन-तीन पानांत कळतंय का बघा. नुसतं ‘त्यांनी धाडसी निर्णय घेतला’ एवढंच हाती लागलं तर पुस्तक परत ठेवा.

नंतर शेवटची सूची उघडा. हे फार कमी जण करतात. सूचीत बायकोचं नाव किती पानांवर आहे? नोकरचाकरांचं? विरोधकांचं? जेफर्सनचं चरित्र असेल तर ‘हेमिंग्ज’ हा शब्द शोधा. जेफर्सन यांनी आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्यांतली एक सॅली हेमिंग्ज. तिचा मुलगा मॅडिसन यानं 1873 मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात सरळ सांगितलं होतं की आपले वडील टॉमस जेफर्सन. पुढची शंभर वर्षं बहुतेक चरित्रकारांनी ते उडवून लावलं. ॲनेट गॉर्डन-रीड यांनी 1997 मध्ये हा सगळा पुरावा वकिलाच्या शिस्तीनं पुन्हा तपासला आणि जेफर्सनची बाजू घेणाऱ्यांच्या शब्दाला एक माप आणि गुलामांच्या शब्दाला दुसरं, असं कसं झालं ते दाखवून दिलं. 1998 मध्ये डीएनए चाचणीनंही मॅडिसनच्या सांगण्याला बळ दिलं. ज्या चरित्रात घरातली ही माणसं नाहीत, त्यात जेफर्सनही अर्धेच सापडतात.

संदर्भटिपाही चाळा. पत्रं, रोजनिशा, मुलाखती दिसल्या तर लेखक मुळापर्यंत गेलेला आहे. टिपांमध्ये इतर चरित्रांचीच नावं असतील तर तुम्हाला शिळं अन्न वाढलं जातंय.

पायरी 3 : सत्ता येण्याआधीच्या वर्षांवर थांबा

‘अध्यक्ष कधी होतो एकदाचा’ असं म्हणत सुरुवातीची प्रकरणं भरभर उलटायचा मोह होतो. उलटं करा. पणजोबा-खापरपणजोबांची वंशावळ खुशाल सोडा, पण तिशी-चाळिशीतली वर्षं सोडू नका. माणूस घडतो तो तिथे.

रॉबर्ट कॅरो यांचं लिंडन जॉन्सन यांच्यावरचं काम हे याचं सगळ्यात भक्कम उदाहरण. 1982 पासून 2012 पर्यंत त्याचे चार खंड आले आणि जॉन्सन अध्यक्ष होतात ते चौथ्या खंडात! न्यूयॉर्कमध्ये वाढलेले कॅरो टेक्सासच्या ज्या माळरानावर जॉन्सन वाढले, त्या हिल कंट्रीत बायकोला घेऊन जवळपास तीन वर्षं राहिले, कारण तिथली माणसं बाहेरच्या माणसाशी मोकळेपणानं बोलत नव्हती. वीज येण्यापूर्वी तिथल्या बायका विहिरीतून दोरानं पाणी शेंदायच्या, बादल्या घरापर्यंत वाहायच्या, चुलीवर जड इस्त्र्या तापवून ऐन उन्हाळ्यात कपड्यांना इस्त्री करायच्या. जॉन्सन 1937 मध्ये प्रतिनिधीगृहात निवडून आले आणि खटपट करून त्यांनी त्या भागात तारा आणल्या. पाणी शेंदण्याचं, धुण्याचं, इस्त्रीचं ते वर्णन वाचून झालं की दिवा लागण्याचा अर्थ कळतो. दुष्काळी भागात आजीनं डोक्यावरून पाणी आणलेलं ज्यांनी पाहिलंय, त्या मराठी वाचकाला ही पानं समजावून द्यावी लागत नाहीत.

हेच कॅरो दुसऱ्या खंडात जॉन्सन यांची 1948 ची सिनेटची निवडणूक उलगडतात. 87 मतांनी मिळालेला विजय, आणि एका मतपेटीच्या यादीत मागाहून एकाच हस्ताक्षरात घातलेली दोनशेवर नावं. वीज आणणारा आणि मतं चोरणारा माणूस एकच आहे. लेखक दोन्ही गोष्टी तितक्याच मन लावून सांगतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो.

दुसरं उदाहरण थिओडोर रूझवेल्ट. 14 फेब्रुवारी 1884. एकाच घरात, एकाच दिवशी त्यांची आई आणि बायको ॲलिस दोघी गेल्या. बाळ दोन दिवसांचं. रूझवेल्टनी रोजनिशीत त्या तारखेला मोठी फुली मारली आणि आयुष्यातला उजेड गेला अशा अर्थाचं एकच वाक्य लिहिलं. पुढे 1913 मध्ये आत्मचरित्र लिहिलं, तर त्यात या पहिल्या बायकोचं नावसुद्धा नाही. एडमंड मॉरिस यांचा 1979 चा पहिला खंड वाचताना ही फुली लक्षात ठेवा. रानात जाऊन गुरं राखणारा, सैन्यात घुसणारा, क्षणभर स्वस्थ न बसणारा तो माणूस मग निराळा दिसायला लागतो.

पायरी 4 : तिथल्या कारभाराची जुजबी माहिती करून घ्या

राज्यशास्त्राचं पुस्तक वाचायची गरज नाही. तिथले मंत्री निवडून आलेले खासदार नसतात, अध्यक्ष त्यांची नेमणूक करतो आणि सिनेट मंजुरी देतं. सिनेटर 1913 पर्यंत राज्यांची विधिमंडळं निवडत असत. लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष गुलामगिरीच्या प्रसाराविरुद्ध उभा राहिलेला पक्ष होता, तेव्हा आजच्या पक्षांचे चेहरे तिथे शोधू नका.

आणि एक तारीख. आज अध्यक्ष 20 जानेवारीला शपथ घेतात, पण 1933 पर्यंत ती 4 मार्चला होत असे. लिंकन नोव्हेंबर 1860 मध्ये निवडून आले आणि शपथ मार्च 1861 मध्ये. त्या चार महिन्यांत दक्षिणेतली सात राज्यं फुटून निघाली, आणि निवडून आलेल्या माणसाच्या हातात कसलाच अधिकार नव्हता. हे ठाऊक असलं की लिंकनच्या कुठल्याही चरित्रातला तो हिवाळा श्वास रोखून वाचला जातो.

पायरी 5 : दंतकथा ओळखायला शिका

चेरीच्या झाडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वॉशिंग्टन 1799 मध्ये वारले. पार्सन वीम्स या लेखकानं त्यांचं चरित्र 1800 मध्ये काढलं आणि कुऱ्हाडीची ही गोष्ट त्यात घातली ती 1806 च्या आवृत्तीत. तिला आधार काही नाही.

आपल्याकडची दंतकथा याहून जवळची आहे. लिंकननं मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेलं असतं. वसंत बापट यांच्या मराठी रूपातून ते घराघरांत पोचलं. कविता म्हणून ते सुंदर आहे आणि त्यावर प्रेम करायला काहीच हरकत नाही. पण लिंकनच्या संकलित लेखनात असं पत्र नाही, तेव्हा लिंकन समजून घेण्याचा पुरावा म्हणून ते वापरू नका.

त्याऐवजी त्यांचं खरं पत्र बघा. जुलै 1863. फुटलेल्या दक्षिणेशी चाललेल्या यादवी युद्धात लिंकनच्या बाजूनं गेटिसबर्गची लढाई जिंकली, पण त्यांचे जनरल मीड यांनी दक्षिणेचा सेनापती ली याच्या पराभूत सैन्याचा निकरानं पाठलाग केला नाही आणि ते नदी उतरून निसटलं. लिंकन संतापले. 14 जुलैला त्यांनी मीड यांना कडक शब्दांत पत्र लिहिलं: तुम्ही हातची संधी घालवलीत, आता युद्ध लांबणार. आणि पत्र ठेवून दिलं. पाकिटावर नोंद केली की पाठवलं नाही, सही केली नाही. हे पत्र एखादा चरित्रकार कसं वापरतो ते बघा. ‘लिंकन किती संयमी’ एवढं म्हणून जो पुढे सरकतो तो साधा लेखक. राग खरा होता, जिंकून आलेला सेनापती दुखावणं परवडणारं नव्हतं, आणि लिहिल्याशिवाय त्या माणसाला राहवलंही नाही, हे सगळं जो एकत्र धरतो त्याच्याकडे पुढची पाचशे पानं सोपवावीत.

लिंकनच्याच बाबतीत आणखी एक प्रसंग शोधून वाचा. 1855 मध्ये सिनसिनाटीला एका पेटंटच्या खटल्यात बड्या वकिलांनी या गावठी दिसणाऱ्या वकिलाला बाजूला बसवलं होतं. त्यात पुढाकार एडविन स्टँटन यांचा. जानेवारी 1862 मध्ये लिंकननी त्याच स्टँटनना युद्धमंत्री केलं. डोरिस कर्न्स गुडविन यांचं 2005 चं पुस्तक लिंकन आणि त्यांच्या मंत्रिमंडळातल्या प्रतिस्पर्ध्यांबद्दलच आहे. अनेक माणसं एकमेकांत गुंतलेली वाचायला आवडत असतील तर लिंकनसाठी तेच घ्या.

पायरी 6 : एकाच माणसावरची दोन पुस्तकं

थोडा सराव झाला की हे नक्की करा, आणि त्यासाठी युलिसिस ग्रँट यांची निवड करा. ग्रँट म्हणजे यादवी युद्ध जिंकणारे सेनापती आणि 1869 ते 1877 अध्यक्ष. कितीतरी दशकं त्यांचं चित्र दारुडा आणि भ्रष्ट लोकांच्या गराड्यातला नाकर्ता अध्यक्ष असं रंगवलं गेलं. विल्यम मॅकफीली यांच्या 1981 च्या चरित्राला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यातले ग्रँट बरेचसे या जुन्या चित्राला धरून आहेत. रॉन चर्नो यांच्या 2017 च्या चरित्रात दारूशी झगडणारा, मित्रांवर आंधळा विश्वास टाकणारा, पण मुक्त झालेल्या काळ्या नागरिकांच्या बाजूनं उभा राहून त्यांच्यावर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेला मोडून काढणारा अध्यक्ष दिसतो. कागदपत्रं बहुतांशी तीच. मधल्या काळात बदलला तो कुणाच्या दुःखाला किती पानं द्यायची याचा हिशेब.

मराठी वाचकाला ग्रँटच्या काळाशी थेट नातं सांगता येतं. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये छापली आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून लिहिली, त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये ग्रँट होते. पुण्यात बसून फुले ज्या कामाचं कौतुक करत होते, ते काम त्याच वेळी तिकडे किती डळमळीत होतं आणि पुढल्या चार वर्षांत ते कसं ढासळलं, हे ग्रँटच्या चरित्रात वाचताना मला दरवेळी फार लागतं.

याच ठिकाणी अधिकृत चरित्रांबद्दल सावध करतो. कागदपत्रं आणि माणूस दोन्ही हाताशी आले म्हणजे पुस्तक चांगलंच होतं असं नाही. वर ज्यांचं नाव घेतलं त्या एडमंड मॉरिस यांना अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्याजवळ वर्षानुवर्षं वावरायला मिळालं, आणि 1999 मध्ये पुस्तक आलं तर त्यात रेगन यांना तरुणपणापासून ओळखणारा एक काल्पनिक निवेदक घातलेला. मोठा गदारोळ झाला. थिओडोर रूझवेल्टवर इतकं जिवंत लिहिणाऱ्याला समोरचा माणूस हाती लागला नाही. अगदी अलीकडच्या अध्यक्षांची पुस्तकं घाईनं घेऊ नयेत ती यासाठीही. 1978 च्या कायद्यानं अध्यक्षांची कागदपत्रं देशाची मालमत्ता झाली, पण ती वाचकांना खुली व्हायला वर्षं जातात.

वाचताना

पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं माणसांची नावं लिहीत चला: नाव, नातं, कुठल्या पानावर भेटला. पहिल्या दोनशे पानांनंतर त्या यादीची गरज पडत नाही. आयातशुल्क आणि बँकेच्या वादांची पानं पहिल्या वाचनात चाळली तरी चालतील. इंग्रजी जड जात असेल तर ध्वनिपुस्तक लावून समोर छापील प्रत धरा, लांब वाक्यं सुटतात. एखादा प्रसंग खरा वाटेनासा झाला तर मूळ कागद बघा: वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफर्सन यांची पत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर फुकट आहेत, आणि जॉन्सन, निक्सन यांची फोनवरची आणि खोलीतली ध्वनिमुद्रणं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरनं ऐकायला ठेवली आहेत. जॉन्सन एखाद्या सिनेटरला फोनवर कसे घोळात घेतात ते एकदा ऐकाच.

क्रम विचाराल तर आधी गारफिल्ड, मग ट्रुमन, मग कॅरोंचा पहिला खंड. ग्रँटचं चरित्र झालं की त्यांच्याच आठवणी वाचा, त्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर मोफत मिळतात. 1884 मध्ये भागीदारानं बुडवल्यावर, घशाचा कर्करोग झालेला असताना, बायकोच्या पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी त्या लिहिल्या. प्रकाशक होते मार्क ट्वेन. 23 जुलै 1885 ला ग्रँट गेले, त्याच्या काहीच दिवस आधी लिखाण पुरं झालं, आणि ज्युलिया ग्रँट यांना त्यातून चार लाख डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. अध्यक्षपदाची आठ वर्षं त्या पुस्तकात जवळजवळ नाहीतच, तेव्हा ती चरित्रांतून घ्या. आठवणींमधलं, ली जिथे शरण आले त्या ॲपोमॅटॉक्सचं प्रकरण मात्र सगळ्यात आधी उघडा: कडक गणवेशातले ली, साध्या शिपायाच्या डगल्यात आलेले ग्रँट, आणि शरणागतीचं पत्र येताच ग्रँट यांची थांबलेली डोकेदुखी. ते आवडलं तर पहिल्या पानापासून सुरू करा.